गुरवीन मामी आणि बिनचुन्याचं देऊळ

"वाक!"

आमच्या गावच्या महादेवाच्या गाभाऱ्याकडे कुणी पाऊल टाकलं की आतल्या अंधारातून हा एकच शब्द अंगावर यायचा. दार बुटकं, वरची दगडी पट्टी जाडजूड, आणि माणसं आपापल्या तोऱ्यात. गुरवीन मामी आत बेल निवडत बसलेली असे आणि नुसत्या पावलांच्या आवाजावर, मान वर न करता ओरडे. तहसीलदार, नवरदेव आणि चुकून शिरलेलं वासरू, तिला सगळे सारखेच. एकदा मतं मागायला आलेले एक पुढारी तिचं न ऐकता ताठ मानेनं शिरले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन बाहेर आले. कार्यकर्ते मामीवर चिडले, तर ती म्हणाली, "देवानं परसाद दिलाय. दिसून न्हाई राहिला का?"

आमचं गाव पुसेगावहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आहे. गुरव मामा पूजा करायचे, शंख फुंकायचे आणि गप्प बसायचे. बाकी सगळं देऊळ मामीच्या ताब्यात होतं. ती कुणाची सख्खी मामी नव्हती, पण सगळं गाव तिला मामीच म्हणे. तिला मूलबाळ नव्हतं. आमचं घर देवळाला लागून, त्यामुळे माझं बालपण निम्मं तिचा पदर धरून गेलं.

देऊळ काळ्या दगडाचं, हेमाडपंती. चुना नाही, माती नाही. खाचेत खाच बसवून दगडावर दगड रचलेला. ते पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं गावात सांगत. मामीला ते मुळीच पटत नसे. "एका रातीत गावजेवणाच्या भाकरी व्हत न्हाईत, अन् देऊळ व्हतंय व्हय?" मंडपात चार खांब होते. त्यांच्यावरच्या चौकटीत कोपऱ्याकोपऱ्यांतून आडवे दगड टाकून चौकोन लहान करत नेला होता, आणि शेवटी उरलेल्या भोकावर दगडाचं एक कमळ उपडं झाकलं होतं. गावात नवी नवरी आली की पहिल्यांदा तिला या मंडपात आणायची रीत होती. मामी तिला खांबाशी उभी करायची आणि खालून वर हात फिरवून दाखवायची. खांब बुडाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल. "पाह्य माय, बाईमाणसाचं असंच असतंय. येताना समदे कोपरे. मग सासर घासतंय. पार वर गेलं की गोल." एखादी धीट नवरी विचारायची, "मामी, तुमी गोल झालात का?" मामी म्हणायची, "माझे अजून दोन कोपरे हायेत. मामाला इच्यार."

शेकडो वर्षांत काही दगड थोडे सरकले होते आणि बाहेरच्या भिंतींत बोटभर फटी पडल्या होत्या. त्या फटींत विंचू राहायचे. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास, मी दुसरीत असताना, लपंडाव खेळताना मी भिंतीला हात टेकला आणि विंचवानं डंख मारला. रात्रभर मी किंचाळत होते. मामी माझा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि विंचवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी बरी झाले, पण ती काही शांत झाली नाही. शाळेच्या खोलीच्या कामातून उरलेलं सिमेंट तिनं मागून आणलं, कालवलं, आणि थापी घेऊन स्वतः भिंतीच्या फटी बुजवत सुटली. उत्तरेच्या भिंतीशी आल्यावर सिमेंट संपलं, म्हणून ती तेवढी राहिली. विंचू खरंच कमी झाले. येईल त्याला मामी ते पांढुरके पट्टे दाखवायची, जणू तिनंच देऊळ बांधलं होतं.

पुढच्या काही पावसाळ्यांत देऊळ आतून ओलं होऊ लागलं. आधी भिंतींना ओल, मग तुळयांच्या टोकांतून थेंब, आणि शेवटी त्या कमळातून थेट नंदीच्या पाठीवर संततधार. मामी घरातली पातेली आणून मंडपात मांडायची. एका तुळईचा टवका निघून पडला तेव्हा लोक घाबरले. सरपंच माणूस भला, पण त्यांना नव्याची हौस दांडगी. त्यांनी मंडपातच गाव जमवलं आणि सांगितलं, "देऊळ म्हातारं झालं. मंडप पाडू, वर स्लॅब टाकू, खाली फरशी बसवू. बगळ्यासारखं पांढरंशुभ्र करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या वडिलांनीही.

मामी खांबाला टेकून बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "देऊळ म्हातारं झालं म्हून गळून न्हाई राहिलं. म्या त्याच्या फटी बुजवल्या म्हून गळून राहिलंय."

लोक हसले. सरपंच म्हणाले, "मामी, गळती थांबवायला सिमिट लावतेत. सिमिटानं गळती लागती का कुठं?"

"मंग उत्तरंची भीत कोरडी काहून हाय? तिथं सिमिट पुरलं न्हाई म्हून! वरून मुरल्यालं पाणी फटीतून भायेर जात व्हतं. म्या भायेरची वाट बंद केली, ते आत आलं. ते तरी जाईल कुठं?"

सरपंच उठून उत्तरेच्या भिंतीला हात लावून आले आणि जागेवर बसले. मामी म्हणाली, "एक पावसाळा द्या मला. सिमिट मी काढते. तरी गळलं, तर मंडपावर पयला घण मीच घालीन."

ते सिमेंट कुणासाठी लावलं होतं, हे मात्र तिनं सभेत सांगितलं नाही. मी तिथेच आईजवळ बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा मला ती जितकी आवडली तितकी आयुष्यात फार थोडी माणसं मला आवडली आहेत.

त्या उन्हाळ्यात ती रोज छिन्नी-हातोडी घेऊन भिंतीशी बसायची. घाई केली तर दगडाची कड उडेल म्हणून चिमूटभर चिमूटभर खरवडायची. आधी लोक येताजाता टोमणे मारायचे. मग माझी आई तिच्या मदतीला बसली, मग शेजारच्या दोघी, मग तांड्यावरून बेल घेऊन येणारी म्हातारी. फटी उघडल्या तशी विंचवांची भीती परत आली, तर मामीनं देवळाच्या आवारात कोंबड्या आणून सोडल्या. कोंबडी विंचू टिपते. जुनीजाणती माणसं खवळली. महादेवाच्या दारात कोंबड्या म्हणजे काय! मामी म्हणाली, "त्याच्या गळ्यात साप चालतंय, अन् अंगणात कोंबडी चालत न्हाई व्हय?" गुरव मामा मात्र त्या दिवशी मोठ्यानं हसल्याचं मला पक्कं आठवतं.

आषाढात पाऊस लागला. पहिले काही दिवस थेंब पडतच राहिले, कारण आत मुरलेलं पाणी होतंच. सरपंच रोज डोकावून जायचे. मामीचं जेवण तुटलं. रात्री उठून कंदील घेऊन ती मंडपात जाते, कमळाखाली हात धरून उभी राहते, असं मामा माझ्या वडिलांना सांगायचे. ती एवढीशी झाली होती. कुणी काही विचारलं तर "पाहू" एवढंच म्हणायची. तिच्या तोंडून एवढं कमी बोलणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याचीच आम्हाला जास्त धास्ती वाटायची.

मामी त्यानंतर आठ-दहा वर्षं जगली. तिच्या मरणाची बातमी मला हिंगोलीत, सासरी कळली. मी रडले, पण जिवाला फार चटका लागला नाही, कारण मी तिला सुखी झालेली पाहिली होती.

तो त्याच पावसाळ्यातला, श्रावणातला सोमवार होता. रात्रभर झड लागली होती आणि सकाळीही पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सगळं गाव दर्शनाला निघालं. मी आईबरोबर देवळात गेले तर मंडपाच्या पायरीशी सरपंच उभे, ओठांवर बोट. आत कमळाखाली, नंदीला अगदी लागून, थंडगार दगडावर, मामी उताणी झोपली होती. तोंड उघडं, हात पसरलेले, चांगली घोरत होती. बाहेर पागोळ्या कोसळत होत्या. भिंतींच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पाण्याच्या बारीक धारा लागल्या होत्या. तिच्या अंगावर मात्र एक थेंब नव्हता. लुगडं कोरडं, खालचा दगड कोरडा, नंदीची पाठ कोरडी.

मागून पोरांचा घोळका घंटा वाजवायला धावत आला. सरपंचांनी खांद्यावरची दस्ती काढून घंटेच्या लोलकाला गुंडाळली आणि गाठ मारली. मग सगळं गाव चपला हातात घेऊन, तिला वळसा घालून, पाय न वाजवता दर्शन घेऊन गेलं.