बाई झांबियाला निघतात

नव्या गावी पाय ठेवण्याआधीच तिथे नांदायला लागलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. बेलापूरच्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शास्त्राच्या बाई. चौकशी केल्याशिवाय त्या श्वासही घेत नसाव्यात. शेजारच्या दिवाळे गावच्या कोळणीकडून बोंबील घ्यायचे तरी होडी कुठवर गेली होती, जाळं कोणी ओढलं, इथपासून सुरुवात. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बाय, मावरा घेतेस का माजी परीक्षा घेतेस?" बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही."

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना झांबियातल्या एका लहानशा गावच्या शाळेत नोकरी मिळाली. परदेशी निघालेले मास्तर तेव्हा पगार किती, क्वार्टर आहे का, तांदूळ मिळतो का, एवढंच विचारत. बाईंनी तिथल्या हेडमास्तरांना पत्रातून विचारलं की वर्गात ऊन कुठल्या बाजूने येतं, मुलं किती लांबून चालत येतात, कशाला हसतात आणि गप्प कोण बसतं. शिवाय सगळ्या मुलांची नावं हवीत, उच्चारासकट! मला वाटलं, हा गृहस्थ आता नेमणूकच रद्द करणार. पण त्याने पानंच्या पानं भरून उत्तर धाडलं. तोही बाईंसारखाच निघाला. मग आमच्या जिन्यात रोज 'म्वान्सा, चिलुफ्या, मुताले' अशी घोकंपट्टी सुरू झाली.

पुढच्या पत्रात मात्र हेडमास्तरांनी स्पष्टच लिहिलं: प्रयोगशाळेत गॅस नाही, पाणी विहिरीवरून आणावं लागतं, आधी नेमलेले शिक्षक हे कळल्यावर आलेच नाहीत, तुम्हीही आला नाहीत तर मी समजू शकतो. बाईंनी तर इथल्या नोकरीचा राजीनामा देऊन टाकलेला. त्यांचा भाऊ आमच्यासमोरच चिडला. "ताई, आता तरी नाही म्हणून कळव."

"नाही कसं म्हणू? इतकं खरं लिहिणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळतंय!"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर शाळा भरली. लिंबं, मेणबत्त्या, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलची ट्यूब हे साहित्य, आणि ऑफिसातून दमून आलेले आम्ही विद्यार्थी. सोसायटीचे झुपकेदार मिशांचे सेक्रेटरी 'चंदा' झाले. तिकडे हे नाव मुलाचंही असतं म्हणे. मी मुताले, वर्गात कधीच न बोलणारी मुलगी. बाईंनी मला बजावलं, "भाऊ, तुम्ही गप्प बसायचं. बोलतं मी करणार." एका संध्याकाळी त्यांनी ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी केली आणि तिच्यावर ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली आणि पाणी आपलं आपण ग्लासात चढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण का?" बाईंनी टाळीच वाजवली. "बोलली! मुताले बोलली!" याचं कारण मी शाळेत असताना पाठ केलं होतं, प्रश्न मात्र पहिल्यांदा पडला तो त्या गच्चीवर.

बाई झांबियाला गेल्या आणि तिकडून पत्र आलं. हजेरीपट न उघडता बाईंनी सगळ्या वर्गाची नावं घेतली. मुलं आधी दचकली, मग खो खो हसत सुटली. निम्म्या नावांचे उच्चार मराठी झाले होते. खरी मुताले काही केल्या बोलेना. लिंबं झाली, मेणबत्त्या झाल्या. मग एक दिवस तीच उठून बाईंच्या टेबलापाशी आली आणि त्यांचे उच्चार सुधारू लागली. दोन वर्षांसाठी गेलेल्या बाई तिकडेच रमल्या.

मला मात्र त्या आठवतात विमानतळावरच्या. सामान आत गेलं होतं, निरोप घेऊन झाले होते. तेवढ्यात त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "वहिनी, मला जमेल ना हो?"

बायकोने त्यांच्या खांद्यावरचा पदर नीट केला, आणि बाई आत गेल्या.