तीस अक्षरं आणि एक शून्य

अमरावतीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. निकालाचा प्रोग्राम मी स्वतः सी भाषेत लिहिला होता आणि त्याचा मला भलताच ताठा होता. नेमका त्याच वर्षी अकरा पोरांना पहिल्या पेपरात शून्य आलं. उत्तरपत्रिकेवर साठ-सत्तर गुण, आणि कॉम्प्युटरात भोपळा!

चार दिवस डोळ्यांत तेल घालून प्रोग्राम तपासला. मी दहा-बारा नावं भरून पाहिली की सगळं ठीक. आमच्या ऑपरेटरनं भरलं की शून्यं. पाणी इथंच मुरतंय, असं मी ठरवूनच टाकलं. ऑपरेटर माझ्याच वयाचे, अकोल्याकडच्या खेड्यातले, बौद्ध घरातले, बोलणं कमी. ते कमी बोलणंही मला खटकायला लागलं. ते चहाला उठले की मी त्यांच्या टेबलावरचे कागद चाळायचो. शेवटी प्राचार्यांच्या कानावर घातलं, की हा माणूस गुणांत हात घालतो. ते म्हणाले, सोमवारपर्यंत पुरावा आणा, नोकरीवरून काढून टाकू.

शनिवारी सकाळी मी खुर्ची ओढून ऑपरेटरच्या पाठीमागेच बसलो. त्यांनी नावं भरली, गुण भरले, सगळं नीट. मग पुन्हा पहिल्या नावावर गेले आणि एकेका पोराच्या वडिलांच्या नावाला इंग्रजी अक्षरांत ‘राव’ जोडत सुटले. गुणांना बोटही लावलं नाही. तरी एका लांबलचक नावाला राव लागलं आणि शेजारचे बहात्तर गुण माझ्या डोळ्यांदेखत शून्य झाले.

मी माझा प्रोग्राम पुन्हा उघडला. नाव संपल्याची खूण म्हणून सी भाषा शेवटी एक शून्य ठेवते. तीस अक्षरांच्या नावाला एकतीस जागा लागतात. मी शहाण्यानं तीसच दिल्या होत्या. रावमुळे नाव पूर्ण तीस अक्षरांचं झालं, की ते शून्य शेजारच्या गुणांवर सांडायचं. माझी चाचणीची नावं सगळी आखूड होती.

पण यादीत नसलेलं राव लावता कशाला, असं मी वर चढ्या आवाजातच विचारलं.

“शाळेच्या रजिस्टरात पाटलाच्या पोराच्या बापाले राव होतं, सर. माह्या बापाचं नाव नुसतं,” ते म्हणाले. “आता लिवनं माह्या हाती आहे. मी कोनाच्या बापाले एकेरी काहून लिवू?”

त्याच काळात, साठ सालाच्या सुमारास, मीही अकोल्यात शाळेत होतो. माझ्या वडिलांच्या नावापुढे राव होतं, आणि ते मला कधी दिसलंही नव्हतं.

मी तिथल्या तिथं तिसाच्या साठ जागा केल्या. प्राचार्यांकडे जाऊन चूक माझी असल्याचं सांगितलं, परत येऊन ऑपरेटरची माफी मागितली.

“चूक सापडली ते बरं झालं,” ते म्हणाले. “पन सर, पयले मलेच काहून धरलं?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं.