गुरुपादप्पांचा शनी

लातूर जिल्हा झाला त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, बोअर आटले आणि माझ्या ओट्यावरची माणसंही आटली. विहिरींचं खापर दुष्काळावर फोडा. माणसांचं मात्र आमचे शेजारी, किराणावाले गुरुपादप्पा यांच्यावर.

वीस वर्षं शिरूर अनंतपाळात जेवणं उरकली की गल्ली माझ्याकडं जमायची. कुणाची सोयरीक मोडली, कोण कुणावर रुसलं, सगळं ताजं मिळायचं. अन् या माणसानं लातुरातल्या नव्या कचेरीतून बदलून चाललेल्या एका साहेबाची हातभर दुर्बीण आणली! गल्ली अप्पांच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर.

जळलो. पण अप्पांचा हात साधा नव्हे. काटा पुरता थांबल्याशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत पुडा बांधला नाही. दुर्बिणीचंही तेच. दिवे लागायच्या आधीच ती वर नेऊन गार होऊ द्यायची, नाहीतर चित्र थरथरतं. तीन पायांच्या घोडीला गुळाची ढेप टांगायची, म्हणजे वाऱ्यानं डुलत नाही. "लई मोठं करून बघू नका," म्हणायचे, "बारकं बघा, पण थिर बघा." त्या नळीतून शनीचं कडं दिसतं म्हणे!

मी गल्लीत हळूच पुडी सोडली, "अप्पा रोज शनीकडं टक लावतेत. पाऊस का न्हाई, कळलं का आता?"

वाटलं, माणसं भिऊन परत येतील. तर शनिवारी सगळे साडेसातीवाले तेलाच्या वाट्या घेऊन वर! त्यांतली पार्वतम्मा म्हणाली, "इतकी वर्सं दगडावर तेल वतलं. आज देवाला समोरासमोर बघते." माळवद असं हाललं की खाली साखरेच्या पोत्यात माती गळली, आणि वर शनी कुणालाच दिसेना.

दुसऱ्या दिवशी अप्पा दारात. "शेषेराव, तुमच्या अंगणाची भुई पक्की हाय. तिथं मांडू का?"

मी विरघळलो. गल्ली पुन्हा माझ्या दारी! रांग लागताच ओट्यावर बसून गल्लीतल्याच शिवकांताच्या जावयाचा किस्सा काढला. डोळा लावून उभी असलेली पार्वतम्मा फसकन हसली, तिचं डोकं नळीला लागलं.

"गेला!" अप्पा ओरडले. शनी पुन्हा सापडायला पाव तास लागला. तेवढा वेळ अख्खी रांग माझ्याकडं बघत होती, आणि कुणीही हसत नव्हतं.

"शेषेराव," अप्पा म्हणाले, "बघणारा हासला की शनी पळतोय. तुम्ही जरा गप बसा."

तेव्हापासून अंगण माझं, माणसं माझ्या दारात, आणि तोंडाला कुलूपही माझ्याच. माझी पाळी आली तेव्हा मीही डोळा लावला. कडं दिसलं. तांदळाएवढं, पण लख्ख.

हे अप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.