चकोराची चढण

सन २०१६, मी एकाहत्तर वर्षांचा. लेक सुमन पक्षीमित्रांच्या गटाबरोबर पक्षी बघायला हिमाचलातल्या स्पितीच्या उजाड, उंच घळीत तंबू टाकून राहणार होती. मीही हट्टानं गेलो. तिथं चार पावलं चाललं की धाप लागे.

"आबा, खेचरावर बसा की," ती म्हणायची.

"खेचरावर सामान लादतात. मी सामान नाही."

बाकीची मंडळी वरच्या कड्यावर जाऊन दाढीवाल्या गिधाडाचं घरटं बघून आली. त्यासाठीच इतक्या लांब आलेली सुमन मात्र माझ्यापायी अर्ध्या वाटेवरून परतली. आता उद्याची सकाळच उरली होती, दुपारी तंबू उठणार होते.

संध्याकाळी समोरच्या उतारावर चकोराची मादी दिसली. चांदणं पिणारा पक्षी म्हणून उभा जन्म ऐकलेलं, ही तर कोंबडीएवढी, माती उकरणारी. चढ पायीच चढत होती. थांबायची, मागं बघायची.

"पंख असून चालतेय कशाला?"

"मागं पिल्लं आहेत, आबा. त्यांना अजून उडता येत नाही."

दुर्बिणीतून डोळा न काढता सुमन सहज बोलून गेली. तिच्या मनात काही नव्हतं. माणूस आपल्या पायांवर चालल्याची ऐट मिरवतो, आणि शेजारी कुणीतरी पंख मिटून चालत असतं, ते त्याला दिसत नाही. शेवटचं पिल्लू वर पोचेपर्यंत ती मादी दगडावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जाऊन खेचरावर बसलो आणि तंबूकडं बघून हाक मारली, "सुमे, सामान लादलंय. चल."