बांधावर ताठ उभं राहताना

कॉलेजच्या मैदानावर गवत कापायचं मशीन फिरलं, की त्या ओल्या हिरव्या वासानं मी आजही नकळत ताठ उभी राहते.

आळे गावाजवळ हौसामावशींच्या घरी राहून मी बिबट्यांचा अभ्यास करत होते. त्या सकाळी मावशी उसाच्या बांधावर गवत कापत होत्या आणि मी त्यांना शिकवत होते. वाकलेला माणूस बिबट्याला चार पायांची शिकार वाटतो. दोन पायांवर उभं असलेलं उंच जनावर त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीतलं सावज नाही. म्हणून वाकू नका.

तेवढ्यात ऊस सळसळला. दहा पावलांवर, पाचटाआडून, दोन पिवळे डोळे आमच्याकडे बघत होते.

माझे गुडघे आपोआप दुमडले. संकट दिसलं की अंग चोरून बसायचं, हेही पिढ्यान्‌पिढ्यांचंच. मावशी मात्र विळ्यासकट सरळ झाल्या. "ऊठ गं! तूच सांगत व्हतीस ना?" माझ्या वेणीला हिसका बसला. मी उभी राहिले, तरी त्यांनी वेणी सोडली नाही.

बिबट्याचा एक कान हलला. मग तो उसात मागे सरला.

मावशींनी घाम पुसला आणि अर्ध्या भाऱ्याकडे बघितलं. "आता तू उभी ऱ्हा," त्या म्हणाल्या, "मला वाकाय लागंल. म्हशीला गवत तर पायजेच."

भारा बांधून होईपर्यंत मी उसाकडे तोंड करून उभी होते. त्यानंतर मी कुणालाही नुसतं 'वाकू नका' म्हटलं नाही. आधी विचारते, शेजारी उभं राहायला कोण आहे?