राजवाड्यामागची मोरी

लग्नानंतर सांगलीत आमचं पहिलं बिऱ्हाड होतं बारा बाय दहाच्या एका खोलीत. त्यातच पलंग, त्यातच स्टोव्ह, त्यातच मोरी. मी शाळेत शिकवायचे आणि आमचे हे मार्केट यार्डातल्या एका पेढीवर कारकून होते. यांनी कुठल्याशा मासिकात लहान घर मोठं कसं भासवावं यावर लेख वाचला, आणि आमच्या सामानावर संक्रांत आली.

"सामान बुटकं असलं की छत उंच वाटतं," असं म्हणून यांनी करवत आणून टेबलाचे पाय कापायला घेतले. एक आखूड झाला म्हणून दुसरा, तो जास्तच गेला म्हणून तिसरा. संध्याकाळपर्यंत टेबलाचा पाट झाला. वह्या तपासायला मी त्याच्यापुढे मांडी घालून बसले, तर छत खरंच उंच वाटलं. पण तसं बोलले नाही. बोलले असते तर पलंगही गेला असता.

पुढच्या रविवारी यांनी सायकलवर आडवा टाकून एक राजवाडा आणला. बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सामान विकायला निघालं होतं, त्यातला हा रंगवलेला पडदा. दुतर्फा खांब, लांबच लांब दालन, शेवटी कमान, कमानीपलीकडे बाग आणि बागेत मोर. बांबूला बांधून यांनी तो खोलीच्या मधोमध टांगला. मोरी, स्टोव्ह आणि गाद्यांची वळकटी राजवाड्यामागे गेली. पुढे उरली सहा फूट जागा, पण बघणाऱ्याला वाटावं, घर पार कृष्णेच्या घाटापर्यंत गेलंय.

"दमच लागतो की नाही बघून?" यांनी विचारलं.

मला दम लागायचा तो पडद्यामागे भाकरी थापताना.

आठवड्याने घरमालकीण आल्या. त्यांची पुढची खोली हळदीच्या पोत्यांनी भरलेली, आणि लेकीला बघायला माण तालुक्यातली मंडळी येणार होती. पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "बाई, पावणं तुमच्यात बसवू का?"

"पण त्यांना वाटेल, हे सगळं तुमचंच आहे."

"आपण कशाला सांगायचं? खोटं न्हाई बोलायचं. नुसतं बसवायचं."

पाहुणे आले. नवरा मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. बुटक्या टेबलाभोवती ते, मालकीणबाई आणि आमचे हे असे सगळे सतरंजीवर बसले. पडद्यामागे मी, हातात पोह्यांचा ट्रे घेतलेली मुलगी आणि फरफरणारा स्टोव्ह. तिघांना मिळून चार फूट जागा.

"लय मोठं घर हाय वो तुमचं," आत्याबाईंचा आवाज आला.

"हाय आपलं," मालकीणबाई म्हणाल्या.

"आन् मागं बाग बी हाय व्हय? जरा हातपाय धुऊन येते."

"आवं, थांबा!" मालकीणबाई ओरडल्या. पण आत्याबाई उठल्या, पदर सावरला आणि कमानीतून सरळ बागेकडे निघाल्या. पडदा आमच्याकडे फुगला. मी स्टोव्ह पायाने बाजूला ढकलला. कडाड् करून बांबू सुटला, आणि खांब, बाग, मोर असं सगळं अंगावर घेऊन आत्याबाई माझ्या वळकटीवर बसल्या.

पलीकडून पाहुणे बघत राहिले. मोरीत खरकटी भांडी, दोरीवर यांचा बनियन, आणि मधोमध मुलगी. तिने नेमका तेव्हाच पोह्यांचा घास तोंडात टाकला होता. चव बघत होती, असं तिने मला नंतर सांगितलं.

आत्याबाईंनी मोराखालून डोकं बाहेर काढलं, चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाल्या, "आवं, आमच्या मेंढरांचा वाडा ह्याच्यापेक्षा मोठा हाय की!"

मुलगी फसकन हसली. पोहे थेट यांच्या शर्टावर. मग नवरा मुलगा हसला आणि त्याच्या वडिलांनी तर टोपीच काढली हसता हसता. मालकीणबाई तेवढ्या रडायच्या बेतात होत्या. त्यांनी सगळं कबूल करून टाकलं. ही खोली भाडेकरूंची, आपल्या खोलीत पोती, आणि पडदा नाटकातला.

आत्याबाईंनी मुलीला जवळ बसवून घेतलं. "पोरगी खोटी न्हाई ना? मग झालं. मोकळी हसती, हे लय बरं. आमच्यात माळ हाय मोप. माणसंच कमी पडत्यात."

लग्न ठरलं. उठताना आत्याबाई यांना म्हणाल्या, "पडदा तेवढा मांडवाला द्या बगा."

यांचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार? पडदा माणदेशात गेला. फाटलेल्या कमानीला मीच आतून ठिगळ लावून दिलं होतं. तो परत आला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

 पुढे एका दुपारी हे जेवून सतरंजीवर आडवे झाले. त्यांचे पाय पार मोरीपर्यंत पोचले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "अगं, खोली जरा मोठी वाटतेय, नाही?"

"वाटतेय खरी," मी म्हटलं, आणि करवत शेजारी देऊन आले.