म्हातारी हलत नाही

तन्वीर वस्ताच्या कॉम्प्युटर गेमला रत्नागिरीत जेवढी नावं ठेवली गेली, तेवढी कुणाच्या लग्नातल्या जेवणालाही ठेवली गेली नसतील. आणि रत्नागिरीकर जेवणाला काय काय बोलतो हे सांगायला नकोच.

सन २००४. तन्वीर दुबईला एका कॉम्प्युटरच्या दुकानात बरीच वर्षं काढून कायमचा परत आला होता. धनजी नाक्याजवळ त्याने कॉम्प्युटर क्लास टाकला आणि उरलेल्या वेळात एक गेम बनवला, ‘तांडेलाची पेटी’. पूर्णगडचा एक तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान, नाहीसा झालाय आणि त्याची पेटीही. शोध घ्यायचा तुम्ही. चित्रं मुद्दाम जुन्या पद्धतीची, मोठ्या मोठ्या चौकोनांची. धावपळ नाही, गोळीबार नाही. वस्तूवर माऊस दाबायचा, ती बघायची किंवा उचलायची. माणसावर दाबला की बोलणं सुरू.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, “आधी चार साध्या माणसांनी शेवटपर्यंत खेळून दाखवू दे, मग बघू.” इकडे दुबईच्या जुन्या शेठने व्हिसा पाठवला होता. क्लास काही चालत नव्हता. गेम घेतला गेला तर तन्वीर घरी राहणार, नाहीतर पावसाळ्याआधी पुन्हा विमानात. त्याला जायचं नव्हतं. पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

गेम सगळ्यात आधी नेला तो शेजारच्या सायबर कॅफेवाल्या दीपकने.

“भाई, पोरं विचारतायत बंदूक कुठे मिळते.”

“बंदूक नाहीये त्यात.”

“आणि चित्रं अशी पोपडे आल्यासारखी का?”

“जुनी स्टाईल आहे ती, मुद्दाम केलीय.”

“जुनंच बघायचं तर घरी आजोबांचा फोटो हाय की! आणि ती म्हातारी जाग्यावरनं हलत नाय. पोरं कंटाळून उठली.”

मग महिपतराव सुर्वे. एसटीतून निवृत्त झालेले, रोजचं शब्दकोडं चहाआधी सोडवणारे. यांच्यावर तन्वीरची मोठी भिस्त होती. ते सीडी परत द्यायला आले ते डोळे बारीक करूनच.

“तन्वीर, तुझं रहस्य लय गुप्त हाय रे. मला ते भेटलंच नाय! त्या म्हातारीच्या ओटीवर बसून माझी कंबर धरली, पण ती हलंल तर शपथ.”

क्लासातली शमिका तेच म्हणाली. तिचा भाऊ तेच म्हणाला. म्हातारी हलत नाही. ही म्हातारी म्हणजे तांडेलाची बहीण, गेममधलं पहिलंच घर. ती आत चहा ठेवायला गेली की तिच्या मागच्या कोनाड्यातली किल्ली दिसते आणि पुढचा सगळा खेळ उघडतो. तन्वीरने प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. त्याच्या हातून म्हातारी दर वेळी उठायची, टुणकन. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून त्याने कपाळावर हात मारला. एवढा सोपा खेळ, आणि हे लोक उंबऱ्यातच अडखळतात! त्याची चिडचिड इतकी वाढली की दीपकला बघून तो रस्ता बदलायला लागला.

तुम्ही नेमकं काय दाबलंत, हे मात्र त्याने एकालाही विचारलं नाही. खोदून विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. दुबईच्या दुकानात “टी?” म्हणून विचारायचे. हो म्हटलं तर कप येई, नाही म्हटलं तर विषय संपला. त्याला ते फार सोयीचं वाटे. तिकडे असताना एकदा त्याने झरीनला, बायकोला, शुक्रवारच्या फोनवर विचारलं होतं, “आपल्या निदाला घेऊन इकडे येतेस का राहायला?” ती म्हणाली, “नको, अम्मींना टाकून कशी येऊ?” त्याने बरं म्हटलं. विषय संपला. त्याला दहा वर्षं झाली. त्याच्या अम्मीही आता राहिल्या नव्हत्या.

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर झरीन पदराला हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्या कॉम्प्युटरला आजवर धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता.

“मी बघू काय खेळून?”

“बघ. तू तरी कुठे दिवे लावणार आहेस!” तो वैतागून म्हणाला आणि उठून तिला खुर्ची दिली.

झरीनने माऊस धरला तो लाटणं धरल्यासारखा. पण वाट तिने बरोबर काढली. बंदर झालं, पाखाडीच्या पायऱ्या झाल्या, तांडेलाच्या बहिणीची ओटी आली. पडद्यावर म्हातारीचे शब्द उमटले: ‘आलास? बस. चहा घेणार?’ खाली दोन उत्तरं, ‘हो’ आणि ‘नको’.

झरीनने ‘नको’वर दाबलं.

म्हातारी म्हणाली, ‘बरं.’ आणि बसून राहिली.

“अगं, नको का दाबलंस?” तन्वीर ओरडलाच.

“मग काय पहिल्याच खेपेला हो म्हनू? चहासाठी हपापलेली आली, म्हनंल ती.” झरीन पडद्याकडे बघत थांबली. “आता परत विचारंल की.”

“ती नाही विचारत परत.”

“नाय?” झरीनला खरोखरच धक्का बसला. “असली कसली बाई ही? दारात आलेल्या मानसाला एकदाच विचारतात काय? ‘घे गो, अर्धा कप तरी घे,’ असं नाय म्हनत? ही म्हातारी रत्नागिरीची नव्हेच.”

तन्वीरला महिपतराव आठवले, शमिका आठवली. साऱ्यांनी रीतीला धरून आधी ‘नको’ म्हटलं होतं आणि आग्रहाची वाट बघत बसले होते. शहाणे तेच होते आणि गाढव हा.

“किती वेळा विचारायला पाहिजे तिने?” त्याने चाचरत विचारलं.

“तीनदा तरी.” झरीनने माऊस बाजूला ठेवला. “तुमीपन मना एकदाच विचारलंव. मी फोनजवळ बसून होते, दुसऱ्या शुक्रवारी विचाराल म्हनून. तुमी मेला दुबईचा उकाडा सांगत बसलाव.”

ती उठून चहा ठेवायला आत गेली. तन्वीर खुर्चीत बसला आणि त्याने रागारागाने म्हातारीचं बोलणं वाढवलं. दुसऱ्यांदा ‘अर्धा कप तरी घे’. तिसऱ्यांदा तर न विचारताच उठते ती. एवढंसं काम, आतलं आधण उकळायच्या आत झालंही.

त्याने खुर्चीतूनच हाक मारली.

“झरीन, मला परत नाही जायचंय गं. आणि जावंच लागलं, तर... तू येशील?”

“नको,” आतून आलं.

बरं, हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तो त्याने गिळला.

“खरंच नको?”

आत कपबशा वाजल्या. “निदाची दहावी तरी होऊन जाऊ दे आधी.”

एवढ्या एका वाक्यासाठी दहा वर्षं गेली होती. तन्वीरला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मग तो उठला आणि तिसऱ्यांदा विचारायला स्वयंपाकघरात गेला.